वारा चटईक्षेत्रात धरत नाहीत

चावीवाटपाचा कार्यक्रम कुठलाही असो, व्यासपीठावरून एक आकडा हमखास येतो: घर किती चौरस फुटांचे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली होती, तिच्या जागी आता ५०० फुटांचे घर. धारावीत पात्र ठरेल त्याला ३५०. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ साली २२५ होते, २००८ मध्ये २६९ झाले, पुढे ३००. आकडा वाढला की टाळ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. एका खोलीत तीन पिढ्यांनी पथाऱ्या टाकल्या, त्यांना जागेचे मोल दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणाने २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. तिथेही मोजमाप हेच: घरे किती, फूट किती, किंमत किती.

या तीन आकड्यांतून त्या घरात दिवस कसा जाईल, हे कळत नाही. सकाळी दिवा लावावा लागेल का, मे महिन्यात रात्री झोप लागेल का, खोकला झालेल्या माणसाशेजारी झोपलेल्या पोराचे काय होईल, महिन्याचे वीजबिल किती येईल, यातले काहीच हिशेबात धरलेले नसते. आणि जे हिशेबात धरलेले नाही, तेच बांधताना सगळ्यात आधी कापले जाते. कापून वाचवलेला पैसा खरे तर वाचत नाही. त्याच घरातल्या माणसाकडून तो पुढची तीस-चाळीस वर्षे वीजबिलात, औषधांत आणि बुडालेल्या रोजात वसूल होतो. स्वस्त घर म्हणून ज्याचा गवगवा होतो, त्यातले बरेचसे घर असे उधारीवर स्वस्त असते.

गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या दोन मोठ्या पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करताना ज्यांच्या झोपड्या गेल्या, ती कुटुंबे २००० नंतरच्या दशकात इथे आणून बसवली. नटवर पारेखमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधले अंतर बऱ्याच ठिकाणी तीनेक मीटर भरते. खालच्या मजल्यावरच्या घरात सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट लागलेली असते. खिडकी आहे, पण ती हाऊसगल्लीत उघडते. त्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटक्या ड्रेनेज पाइपातून गळणारे पाणी, उंदीर आणि डास असतात. समोरच्या घराची खिडकी हात लांब केला तर लागेल की काय अशी. बाईमाणसाला घरात वावरायचे तर पडदा ओढून ठेवावा लागतो. म्हणून मग खिडकी बंद. काहींनी तिला प्लास्टिक ठोकले आहे, काहींनी बॉक्स ग्रिल लावून तिथे भांडी आणि गॅसची रिकामी टाकी ठेवली आहे, कारण घरात माळा नाही. दार उघडायचे तर बाहेर अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारेच दारे. पंखा फिरतो, पण तो तीच हवा फिरवत राहतो.

‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले अभ्यासक यांनी मिळून या विभागातल्या तीन वसाहतींची घरोघरी पाहणी केली: नटवर पारेख, लल्लूभाई आणि पीएमजीपी कॉलनी. इमारतींमधले अंतर, खोलीत येणारा उजेड, हवेची ये-जा हे सगळे मोजले आणि त्याशेजारी क्षयरोगाची नोंद ठेवली. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण पीएमजीपीच्या कितीतरी पट निघाले. खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. आता क्षय काही भिंतींमुळे होत नाही. उपासमार, दाटी, अर्धवट सोडलेले औषध, शेजारी देवनारचे डम्पिंग ग्राउंड, अशी त्याला दहा कारणे. पण विभाग तोच, माणसे साधारण त्याच परिस्थितीतली, रोजगारही तसेच. ठळक फरक होता तो इमारतींच्या मांडणीचा. पीएमजीपीमध्ये इमारती सुट्या आहेत, मध्ये मोकळी जागा आहे. खोकल्यातून हवेत गेलेले जंतू बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि वारा खेळता असेल तर विरळ होतात, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते.

नुसते डॉक्टरांना नव्हे, मुंबईच्या कारभाऱ्यांनाही ठाऊक होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर शहर निम्मे रिकामे झाले, गिरण्या बंद पडायची वेळ आली, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टची कारकीर्द फार पुण्याची होती असे नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहायला गेली. पण त्याने एक नियम घालून दिला, तो आजच्या सगळ्या नियमावल्यांपेक्षा समजायला सोपा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम असा: राहत्या खोलीच्या निदान एका बाजूला इतकी मोकळी जागा हवी की भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या वरचे आकाश अडता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर लक्षात येईल, साडेत्रेसष्ट अंश म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. चोवीस मीटर उंच इमारत असेल तर समोर बारा मीटर जागा सोडा.

हाच कोन गोवंडीत लावून पाहू. आठ पातळ्यांची इमारत साधारण चोवीस मीटर, अंतर तीन. कोन येतो त्र्याऐंशी अंशांचा. तळमजल्यावरच्या माणसाच्या वाट्याला आकाशाची सात अंशांची फट उरते. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीसुद्धा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे थंडीत तिथे उन्हाचा कवडसा पडायचा प्रश्नच येत नाही. खरे बोलायचे तर साडेत्रेसष्टच्या नियमानेही डिसेंबरात तळमजल्यावर ऊन येईलच असे नाही. पण आकाश दिसते. आकाशाचा पसरलेला उजेड आत येतो, वाऱ्याला शिरायला वाट मिळते. १९१२ सालच्या गिरणी कामगारासाठी जी किमान मर्यादा धरली गेली, तिच्या चौपट दाटीत आपण २००८ सालच्या कामगाराला बसवले. मधल्या काळात लिफ्ट आली, सिमेंट आले, फ्लश संडास आला. वारा मात्र चार पावले मागे गेला.

हे बिल्डर लबाड असतात म्हणून झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. लबाड असतीलही. पण इथे त्यांनी बहुतांशी नियमातच बांधले. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिलेली आहे, आणि ती सवलत देण्यामागचे गणित महत्त्वाचे आहे. फुकट घराची किंमत सरकार देत नाही. ती जादा चटईक्षेत्राच्या, म्हणजे वाढीव बांधकामाच्या परवानगीच्या रूपाने बिल्डरला मिळते. भूखंडाच्या एका कोपऱ्यात रिहॅबच्या, म्हणजे पुनर्वसनाच्या, इमारती दाटीवाटीने बसवायच्या, उरलेल्या मोकळ्या जागेवर बाजारभावाने विकायची सेल बिल्डिंग उभी करायची. रिहॅबला जितकी कमी जमीन, तितकी सेलला जास्त. प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत तर हेही नव्हते. बिल्डरने घरे बांधून सरकारच्या ताब्यात द्यायची आणि बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायचा. हा टीडीआर उत्तरेकडच्या उपनगरांत, जिथे भाव चढा आहे तिथे, वापरता किंवा विकता येई. गोवंडी-मानखुर्दची जमीन शहरात सगळ्यात स्वस्तांपैकी. त्या स्वस्त जमिनीच्या एकरात जितक्या जास्त खोल्या कोंबाव्यात, तितका अंधेरी-बोरिवलीत विकायला टीडीआर जास्त. अशा योजनेत दोन इमारतींमध्ये बारा मीटर सोडणारा बिल्डर वेडाच ठरला असता. म्हणून ‘मुंबईत जागाच नाही’ हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. जागा होती. त्या जागेवरचा वारा दुसऱ्या उपनगरात चटईक्षेत्र होऊन विकला गेला.

आता घराच्या आत येऊ. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबई-ठाणे-रत्नागिरी-पणजी या पट्ट्यात, घराच्या चटईक्षेत्राच्या निदान सहाव्या हिश्शाइतकी ‘उघडणारी’ खिडकी हवी, असे ती सांगते. शब्द महत्त्वाचा आहे तो उघडणारी. ३०० फुटांच्या घराला ५० चौरस फूट. प्रत्यक्षात अशा घरात चार बाय चारच्या दोन खिडक्या मिळाल्या तरी नशीब, म्हणजे बत्तीस फूट. त्यांना दोन ट्रॅकचे सरकते ॲल्युमिनियमचे तावदान. सरकत्या खिडकीचे निम्मे तावदान कायम काचेमागे काच होऊन उभे असते, म्हणजे वाऱ्याला उरले सोळा फूट. त्यातही एका बाजूला मच्छरदाणीची जाळी. जुन्या घरांतली दोन्ही पाखे सताड उघडणारी लाकडी खिडकी बांधकामातून का गेली, याचे उत्तर कोणत्याही कंत्राटदाराला विचारा: सरकती बसवायला स्वस्त पडते, पावसाचे पाणी आत आले अशी तक्रार येत नाही, आणि नकाशावर खिडकीचे माप तेवढेच दिसते.

भिंतीचीही तीच गत. अलीकडे स्वस्त घरांच्या मोठ्या योजनांत मिवान पद्धत लोकप्रिय झाली आहे. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंती, स्लॅब सगळे एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्याने होते, गवंडी कमी लागतात, भिंत सरळ येते. वेळ हाच पैसा असेल तर पद्धत चोख आहे. पण सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून उष्णता आत येते ती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या विटांच्या, आठ इंची भिंतीच्या चार-पाच पट, आणि जुन्या नऊ इंची विटेच्या भिंतीच्याही दीडपटीहून अधिक. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहा वाजता, नेमकी माणसे अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा, ती ऊब आत सोडते. त्या भिंतीत देवाच्या फोटोसाठी खिळा ठोकायचा तर ड्रिल मशीन मागवावे लागते, मग खिडकी वाढवणे दूरच. सगळीच भिंत भार पेलणारी असल्याने पुढची पन्नास वर्षे त्या घराला दुरुस्त करता येत नाही. सोलापुरात, नागपुरात, जळगावात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. तिथे दुपारी घरात बसून विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाईसाठी हे घर कामाची जागाही असते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यानंतर असंघटित कामगारांची तीस हजार घरांची रे नगर उभी राहिली. घर ज्यांना स्वप्नातही परवडले नसते अशा माणसांनी संघटनेच्या जोरावर मिळवलेली ही घरे आहेत, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण म्हणूनच अशा प्रत्येक योजनेत छपराखाली मे महिन्यात किती तापमान असते हे सरकारने मोजून जाहीर करावे. थर्मामीटर महाग नसतो.

उकाड्याचा हिशेब बिलात दिसतो. साधा छताचा पंखा पाऊणशे वॅटचा. उघडझाप करायला खिडकी नसेल तर तो वीस-वीस तास चालतो, महिन्याला पंचेचाळीस युनिट. असे दोन पंखे, दिवसाही जळणारे दोन दिवे, एक छोटा फ्रीज: कोणतीही चैन न करता घर शंभर युनिटांच्या पुढे जाते, आणि महाराष्ट्रात शंभरच्या पुढे दराचा टप्पा बदलतो. वारा येणाऱ्या घरातला तोच संसार शंभरच्या आत राहू शकतो. मग कोणाच्या तरी घरी बाळ येते, कोणाचा मुलगा कमावता होतो, हप्त्यावर एसी येतो. त्याचे बाहेरचे यंत्र लागते त्याच तीन मीटरच्या फटीत, आणि गरम हवा सरळ समोरच्या खिडकीत. समोरचे बिचारे खिडकी लावून घेतात. दोन उन्हाळ्यांनी त्यांच्याकडेही एसी येतो. दारिद्र्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसाला अशा तऱ्हेने एसीचे बिल भरायला लावणारी रचना आपण ‘परवडणारे घर’ या शीर्षकाखाली मंजूर करतो. ऊर्जाबचतीच्या गप्पा मात्र गच्चीवरच्या सोलर पॅनेलपासून सुरू होतात! आठ मजल्यांच्या इमारतीची गच्ची किती आणि तिच्याखाली घरे किती, याचा भागाकार केला की त्या पॅनेलने प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल ते कळते. आधी दिवसा दिवा लागू नये असे घर बांधा, मग पॅनेलचे बघू.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे ‘झोपडीपेक्षा तर बरे ना?’ पक्के छत, घरात संडास, नळाला पाणी, पावसाळ्यात गटार आत येत नाही, नावावर पत्ता. बरेच आहे, नाही कोण म्हणतो? पण हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या फ्लॅटची तुलना कधी झोपडीशी केलेली नसते. शिवाय झोपडीची एक गोष्ट या तुलनेतून निसटते. पत्र्याचे घर तापते, गळते, पण त्याचे दार गल्लीत उघडते. दुपारी उंबऱ्यात बसता येते, खाट बाहेर काढता येते, वर पोटमाळा चढवता येतो, पत्र्यात एक काच बसवून उजेड आणता येतो. म्हणजे घर सुधारण्याची थोडीफार सूत्रे राहणाऱ्याच्या हातात असतात. सातव्या मजल्यावर ती राहत नाहीत. म्हणूनच तिथे बांधतानाच सगळे नीट असणे जास्त गरजेचे आहे. सवलत द्यायचीच तर ती बैठ्या घराला द्यावी, उंच इमारतीला नव्हे. आपण नेमके उलटे केले.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. इमारती सुट्या बांधल्या तर त्याच जमिनीवर घरे कमी बसतील, किंवा मजले वाढतील. मजले वाढले की लिफ्ट, पंप, आग विझवण्याची व्यवस्था, सगळ्याचा खर्च कायमचा वाढतो. पुनर्वसन योजनेच्या मूळ नियमात देखभालीसाठी बिल्डरने घरामागे २०,००० रुपये ठेवायचे होते. पुढे ती रक्कम वाढली. वीस हजारांच्या व्याजात महिन्याला शंभर-दीडशे रुपये सुटतात. त्यात लिफ्टचे बिल भागत नाही, म्हणून कित्येक सोसायट्यांत लिफ्ट बंद असते आणि गुडघे दुखणारी आजी महिनोन् महिने खाली उतरत नाही. तेव्हा ‘अंतर सोडा आणि बावीस मजले चढवा’ हे उत्तर मला पटत नाही. बीडीडीच्या नव्या मनोऱ्यांत ते चालून जाईल, कारण तिथली जमीन सोन्याच्या भावाची आहे आणि देखभालीचा निधी त्या भावातून काढता येतो. गोवंडीत, कल्याणच्या पलीकडे, पिंपरीच्या वेशीवर तो निघणार नाही.

मधली वाट मुंबईनेच एकदा चालून पाहिली आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने चारकोप आणि गोराईला घरे न बांधता छोटे भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचे. घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. तीस-पस्तीस भूखंडांची एक सोसायटी आणि त्यांच्या मधोमध सामायिक अंगण. सुरुवातीला लोक हसले, ओसाड जागी कोण जाणार म्हणाले. आज तिथे हिंडून पाहा. एकमजली, दुमजली घरे, मधल्या अंगणात तुळस, दुचाक्या, क्रिकेट, गणपतीचा मांडव. दाटी कमी नाही, पण प्रत्येक घराची एक बाजू अंगणात आणि दुसरी गल्लीत उघडते, त्यामुळे वारा आरपार जातो. पुण्यात येरवड्यालाही २०१० च्या आसपास झोपडीच्या जागीच, त्याच पायावर, पक्के घर बांधून देण्याचे काम झाले. शेजार मोडला नाही, कोणाला ट्रान्झिट कॅम्पात वर्षे काढावी लागली नाहीत. दोन्हींचे दोष आहेत. चारकोपची घरे आता गरिबाच्या आवाक्यात राहिलेली नाहीत, बरीच विकली गेली. येरवड्याच्या अरुंद गल्ल्यांत उजेडाचा प्रश्न पुरता सुटला नाही. पण बैठ्या, दाट, अंगण असलेल्या वस्तीत माणसे बऱ्यापैकी तेवढीच मावतात, हे नगररचनाकारांनी मान्य केले तरी वरवर न चढता राहण्याची सोय धोरणात येऊ शकते. सध्याच्या धोरणात तिला कोणी वाली नाही, कारण बैठ्या घरातून विकायला टीडीआर निघत नाही.

आणि जिथे उंच बांधणे अटळ आहे, तिथेही नीट बांधता येते. राजकोट महापालिकेने पंतप्रधान आवास योजनेतल्या ‘स्मार्ट घर-३’ या अकराशेहून जास्त घरांच्या प्रकल्पात भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून तज्ज्ञांची मदत घेतली. एएसी ब्लॉकच्या भिंती, सरकत्या खिडक्यांच्या जागी जवळपास पूर्ण उघडणाऱ्या, गच्चीवर उष्णता अडवणारा थर. यात रॉकेट सोडण्याइतके विज्ञान काहीही नाही, आणि तेही सरकारी योजनेच्या पैशात झाले. राजकोटचा उन्हाळा आपल्या विदर्भापेक्षा फार सौम्य नसतो. मग हे अमरावतीत का होत नाही? जमिनीचे, पैशाचे अडथळे तिथे मुंबईसारखे नाहीत. निविदेत एक ओळ नसते, इतकेच. निविदेत ‘खिडकी, ॲल्युमिनियम सरकती, नग’ असे लिहिलेले असते आणि कंत्राटदार लिहिलेले देतो.

गॅलरीबद्दल एक शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. गिरणगावातल्या खासगी चाळींतली, खोल्यांच्या पुढून जाणारी लाकडी गॅलरी आपण आठवणींच्या लेखांत फार गोंजारतो. सामायिक संडास आणि पहाटेच्या पाण्याच्या रांगा त्या लेखांत येत नाहीत. पण हवेच्या दृष्टीने ती रचना शहाणी होती: पुढे गॅलरीत दार, मागे खिडकी, मधे एक खोली. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींनी ती घेतली नाही. तिथे मध्ये पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या होत्या. आजच्या रिहॅब इमारतीचा नकाशा त्या बीडीडीच्या पॅसेजचाच वंशज आहे. पॅसेजच्या एकाच बाजूला घरे ठेवली तर प्रत्येक घराला दोन बाजू मिळतात. त्यासाठी मजल्यावरची घरे कमी होतात हे खरे, पण पॅसेजमध्ये दिवसरात्र जळणारे दिवे बंद होतात आणि दार उघडे ठेवायला माणूस कचरत नाही.

मला हवे आहे ते फार क्रांतिकारक नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत मिळणारी सवलत राहत्या खोलीच्या बाजूला लागू होऊ नये. डक्टच्या, जिन्याच्या, संडासाच्या बाजूला जी काही तडजोड करायची ती करा. ऑर साहेबांचा कोन जसाच्या तसा परवडत नसेल तर सत्तर अंश धरा, पण कोन धरा; मीटरमध्ये नुसते अंतर लिहिले की उंची वाढते आणि अंतर तिथेच राहते. इको निवास संहितेतला सहाव्या हिश्शाचा नियम राज्याने स्वस्त घरांना आधी बंधनकारक करावा, टॉवरना नंतर केला तरी चालेल. टॉवरवाल्याकडे एसी आहे. आणि करारनाम्यात, सोडतीच्या जाहिरातीत, जिथे चटईक्षेत्र छापतात तिथेच उघडणाऱ्या खिडकीचे चौरस फूट आणि सर्वांत खालच्या घरातून दिसणाऱ्या आकाशाचा कोन छापावा. रेरा हा घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा आल्यापासून चटईक्षेत्राच्या मापात होणारी फसवणूक बरीच कमी झाली, ती कायद्याने एक माप ठरवून दिले म्हणून. वाऱ्यालाही माप ठरवून देता येते.

पैसा कुठून आणायचा, याची सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या खात्यापासून करता येईल. नियमाइतकी मोकळी जागा सोडायची नसेल, तर बिल्डर मुंबईत ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’ नावाचा प्रीमियम भरतो आणि सूट घेतो. म्हणजे न सोडलेल्या जागेची किंमत ठरलेली आहे, तिची पावती फाटते, रक्कम तिजोरीत जाते. ज्या तळमजल्यावरच्या घराचा उजेड त्या पावतीने गेला, त्या घराला त्यातला रुपयाही मिळत नाही. खासगी टॉवरकडून असा जमा होणारा पैसा पुनर्वसन वसाहतींच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवला, तर नटवर पारेखसारख्या ठिकाणी हाऊसगल्ल्या साफ करून फरसबंदी करणे, ड्रेनेजचे पाइप बदलणे, सरकत्या खिडक्या काढून पूर्ण उघडणाऱ्या बसवणे, गच्च्यांना पांढरा उष्णतारोधक थर देणे आणि अगदीच कोंदट ओळींतली एखादी इमारत उतरवून तिथल्या कुटुंबांना त्याच विभागात घरे देणे, ही कामे टप्प्याटप्प्याने हाती घेता येतील. शेवटचे काम सगळ्यात अवघड आहे. त्याला स्थानिक नगरसेवकापासून मंत्रालयापर्यंत सगळे नाही म्हणतील, कारण बांधलेली, वाटलेली, उद्घाटन झालेली इमारत पाडायची म्हणजे ती मुळात चुकीची मंजूर केली हे कागदावर आणायचे.